शंभर मीटरपासून दोन फेऱ्यांपर्यंत : हॅना कॉक्रॉफ्ट यांची कारकीर्द

एखाद्या धावपटूच्या कारकिर्दीचा अभ्यास करताना सामान्यतः असे गृहीत धरले जाते की, त्याने आपले अंतर स्वतः निवडले. शरीराचा कल, प्रशिक्षकाची पारख आणि सुरुवातीच्या यशापयशाचा अनुभव यांतून तो शंभर मीटरचा किंवा आठशे मीटरचा धावपटू ठरला आणि पुढे त्याच अंतरात प्रावीण्य मिळवत गेला. व्हीलचेअर शर्यतींच्या क्षेत्रात हे गृहीतक फार काळ टिकत नाही. तिथे खेळाडूच्या दंडांत कितीही वेग असला, तरी कोणत्या अंतरासाठी पदक ठेवायचे हे स्पर्धेचा कार्यक्रम आखणाऱ्या संस्थेच्या हाती असते, आणि हा कार्यक्रम दर पॅरालिम्पिकला बदलू शकतो. ब्रिटनच्या हॅना कॉक्रॉफ्ट यांनी २०१२ मध्ये लंडन येथे १०० आणि २०० मीटर, २०१६ मध्ये रिओ येथे १००, ४०० आणि ८०० मीटर, तर टोकियो आणि पॅरिस येथे १०० आणि ८०० मीटर अशी एकूण नऊ पॅरालिम्पिक सुवर्णपदके जिंकली. या यादीत अंतरे बदलत गेलेली दिसतात, ती खेळाडूच्या आवडीनिवडीमुळे नव्हेत. २०० मीटरची शर्यत त्यांच्या वर्गासाठी लंडननंतर उरली नाही आणि ४०० मीटरची रिओनंतर उरली नाही, म्हणून ती बदलली. मूळच्या स्प्रिंटरला, म्हणजे अल्प अंतराच्या अतिवेगवान शर्यतीच्या खेळाडूला, ट्रॅकच्या पूर्ण दोन फेऱ्यांची शर्यत आत्मसात करावी लागली, आणि ती तिने अशी आत्मसात केली की आज तिचे नाव दोन्ही अंतरांशी सारखेच जोडले जाते. प्रस्तुत अभ्यासाचा मुख्य विषय हाच आहे.

ही कारकीर्द समजून घेण्यासाठी प्रथम वर्गीकरणाची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. पॅरा-ॲथलेटिक्समध्ये प्रत्येक खेळाडूला एक अक्षर आणि दोन अंकी आकडा दिलेला असतो. ‘टी’ हे अक्षर ट्रॅकवरील शर्यतींसाठी आहे. आकड्यातील पहिला अंक शारीरिक बाधेचा प्रकार दाखवतो आणि दुसरा अंक त्या बाधेची तीव्रता. एकाच प्रकारात दुसरा अंक जितका लहान, तितकी बाधा अधिक. व्हीलचेअरवरून शर्यती करणारे खेळाडू दोन वेगवेगळ्या गटांत येतात. पन्नाशीच्या आकड्यांत, म्हणजे टी ५१ ते टी ५४ या वर्गांत, मज्जारज्जूची इजा, पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष किंवा पायांचा अभाव अशा कारणांमुळे खुर्ची वापरणारे खेळाडू असतात. तिशीच्या आकड्यांतील टी ३२, टी ३३ आणि टी ३४ या वर्गांत मात्र बाधेचे मूळ मेंदूत असते : सेरेब्रल पाल्सी किंवा मेंदूच्या अन्य इजेमुळे स्नायूंचा ताण अनियंत्रितपणे वाढणे, हालचालींचा ताळमेळ बिघडणे किंवा अनैच्छिक हालचाली होणे. कॉक्रॉफ्ट टी ३४ या वर्गात आहेत. या वर्गातील खेळाडूंच्या पायांवर बाधेचा परिणाम स्पष्ट असतो, तर हात आणि धड बऱ्याच अंशी काम देतात. तरीही स्नायूंना आज्ञा देणारी यंत्रणाच बाधित असल्यामुळे त्यांची तुलना टी ५४ च्या खेळाडूंशी थेट करता येत नाही. फिनलंडचे लिओ-पेक्का टॅहती यांनी लंडनमध्ये टी ५४ वर्गात शंभर मीटरसाठी नोंदवलेली १३.६३ सेकंदांची वेळ आणि कॉक्रॉफ्ट यांची कोणतीही वेळ शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते. वर्ग वेगळा असला की शर्यतच वेगळी असते.

या दोन गटांचा इतिहासही वेगळा आहे, आणि त्याचा परिणाम आजवर जाणवतो. अपंगांच्या संघटित स्पर्धांचा प्रारंभ डॉ. लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयाच्या आवारात केला, आणि त्या स्पर्धा मज्जारज्जूची इजा झालेल्या माजी सैनिकांसाठी होत्या. १९६० च्या रोममधील स्पर्धांना आज पहिले पॅरालिम्पिक मानले जाते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या खेळाडूंना मात्र या चळवळीत प्रवेश मिळाला तो थेट १९८० साली, नेदरलँड्समधील आर्नहेम येथे. म्हणजे पन्नाशीच्या वर्गांना वीस वर्षांची आघाडी होती. ज्या वर्गात खेळाडू अधिक आणि देशही अधिक, त्या वर्गाला कार्यक्रमात अधिक शर्यती मिळतात, हे स्वाभाविक आहे. पण ज्या वर्गाला शर्यती कमी मिळतात त्या वर्गात नवे खेळाडू येण्याची शक्यताही कमी होते, हे त्याच नियमाचे दुसरे अंग आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

ट्रॅकवरील व्हीलचेअर शर्यतही आजच्या रूपात एकाएकी अवतरलेली नाही. १९६४ साली टोकियो येथे तिचा प्रवेश झाला, तेव्हा ती अवघ्या ६० मीटरची धाव होती आणि खुर्च्या रोजच्या वापरातल्याच, जड आणि चार चाकी, होत्या. तिच्या जोडीला स्लॅलम, म्हणजे अडथळ्यांमधून खुर्ची वळवत नेण्याची स्पर्धा, असे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन भारतासाठी सुवर्णपदक जिंकले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्याच स्पर्धेत ते स्लॅलममध्येही उतरले होते, याची आठवण सहसा ठेवली जात नाही. खुर्चीच्या शर्यतीच्या आरंभकाळाशी महाराष्ट्राचा इतका तरी धागा जुळलेला आहे. पुढे १९७५ साली बॉब हॉल यांनी बोस्टन मॅरेथॉन खुर्चीवरून तीन तासांच्या आत पूर्ण करून अंतराविषयीचा संकोच मोडला, आणि १९८४ ते २००४ या काळात ऑलिम्पिकमध्येच महिलांची ८०० मीटर आणि पुरुषांची १५०० मीटर व्हीलचेअर शर्यत प्रदर्शनीय म्हणून, अर्थात अधिकृत पदकतक्त्यात न मोजता, भरवली गेली. ऑलिम्पिकच्या भरलेल्या मैदानात शर्यत जिंकायची, पण ते पदक देशाच्या हिशेबात धरले जायचे नाही, असा तो विचित्र मान होता. कॅनडाच्या शांताल पेटीक्लेर यांच्यासारख्या खेळाडूंनी तो स्वीकारला आणि त्याच्या मर्यादेविषयी जाहीरपणे प्रश्नही विचारले.

हॅना कॉक्रॉफ्ट यांचा जन्म ३० जुलै १९९२ रोजी वेस्ट यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स येथे झाला. जन्मानंतर लगेचच त्यांचे हृदय दोनदा बंद पडले आणि त्यात मेंदूच्या काही भागांना इजा झाली. मुलगी किशोरवयापलीकडे जगणार नाही असे आईवडिलांना सांगण्यात आले होते. बालपणाच्या या हकिकतीवर कारकिर्दीच्या वर्णनांतून फार मोठा भर दिला जातो. प्रस्तुत ग्रंथात ती एका परिच्छेदापुरती ठेवली आहे, कारण तिच्यातून टी ३४ या वर्गाचे कारण कळते, शर्यतीचे नाही. शर्यतीचे कारण २००७ सालापासून सुरू होते. त्या वर्षी लफबरो येथे त्यांनी प्रथम रेसिंग चेअरवर बसून पाहिले आणि त्यांना तो अनुभव देणारे होते इयन थॉम्पसन, म्हणजे अकरा पॅरालिम्पिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या टॅनी ग्रे-थॉम्पसन यांचे पती. ब्रिटनमध्ये या खेळाची एक परंपरा होती, खुर्ची बनवणारे आणि शिकवणारे लोक होते, आणि एका शाळकरी मुलीपर्यंत ती परंपरा पोहोचू शकली, ही बाब बालपणीच्या आजारापेक्षा अधिक अभ्यसनीय आहे.

ज्या खुर्चीवर ही शर्यत होते ती रोजच्या व्हीलचेअरशी फारच थोडे साम्य राखते. तिला तीन चाके असतात : मागे दोन मोठी आणि लांब दांड्याच्या टोकाला पुढे एक लहान. मागची चाके वरून आत झुकलेली असतात, जेणेकरून खुर्ची स्थिर राहावी आणि दंड चाकाला न घासता खाली जावेत. सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा कार्बन फायबरचा असतो. गिअर किंवा साखळी यांसारखी वेग वाढवणारी कोणतीही यंत्रणा नियमांना मान्य नाही. प्रत्येक मागच्या चाकाला बाहेरून एक कडे जोडलेले असते, त्याला पुशरिम म्हणतात, आणि खेळाडूची सारी शक्ती या कड्यातूनच चाकात उतरते. हे कडे हाताने पकडले जात नाही. कठीण प्लास्टिकच्या, खेळाडूच्या मुठीच्या मापाने घडवलेल्या हातमोज्यांनी त्यावर वरून आघात करायचा, कडे पुढे आणि खाली रेटत जवळजवळ तळापर्यंत न्यायचे, तिथे हात झटक्याने सोडवायचा आणि कोपर मागे-वर उचलून पुन्हा आघाताच्या जागी यायचे, असा हा फेरा असतो. तो कायम वेगात असताना मूठ कड्यावर नेमक्या बिंदूला भिडली नाही, तर ती चाकाला पुढे ढकलण्याऐवजी अडवते; म्हणून वेग जितका वाढतो तितकी चूक महाग पडते. पावसात कडे ओले झाले की मोजे घसरतात, आणि थंडीत मेंदूच्या बाधेमुळे ताठ होणारे स्नायू अधिकच ताठरतात, हे टी ३४ च्या खेळाडूंच्या बाबतीत विशेषत्वाने लक्षात ठेवावे लागते.

पुशरिमचा व्यास हा स्प्रिंटरच्या आयुष्यातील एक मोठा निर्णय असतो. मोठ्या कड्याने जागेवरून निघणे सोपे जाते, कारण तेवढ्याच जोराने चाकाला अधिक पीळ मिळतो. पण खुर्ची वेगात आल्यावर हात कड्याच्या गतीला पुरे पडत नाहीत. लहान कड्याने सुरुवात जड जाते, परंतु वरच्या वेगात ते अधिक काळ साथ देते. शंभर मीटरच्या खेळाडूला सुरुवातीसाठी एक कडे सोयीचे आणि शेवटच्या तीस मीटरसाठी दुसरे, आणि बदलण्याची मुभा नाही. त्यात आता ८०० मीटरही जिंकायचे असेल, तर तडजोड आणखी कठीण होते. वळणांसाठी कॉम्पेन्सेटर नावाची एक योजना असते : पुढच्या चाकाला जोडलेला हा दांडा हाताने एका बाजूला ठोकला की चाक वळणाच्या कोनात स्थिर होते आणि पुन्हा ठोकला की सरळ होते, त्यामुळे वळणावरही दोन्ही हात ढकलण्यासाठी मोकळे राहतात. शंभर मीटरच्या सरळ धावेत त्याचा उपयोग नाही. दोन फेऱ्यांच्या शर्यतीत चार वळणे येतात आणि प्रत्येक वळणाच्या तोंडाशी नि शेवटी हा ठोका वेळेवर पडावा लागतो. शर्यतीचा निर्णय पुढच्या चाकाच्या आसाच्या मध्यावरून होतो, खेळाडूच्या छातीवरून नाही.

या यंत्रणेमुळे व्हीलचेअर शर्यतीत एक गोष्ट घडते, जी धावण्याच्या शर्यतींची सवय असलेल्या वाचकाला प्रथम चमत्कारिक वाटेल. उसेन बोल्ट यांनी १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले. डेव्हिड रुडिशा यांच्या १ मिनिट ४०.९१ सेकंदांच्या ८०० मीटरमध्ये दर शंभर मीटरना सरासरी १२.६१ सेकंद लागले. अंतर वाढले की सरासरी वेग घटतो, असा तिथला नियम. कॉक्रॉफ्ट यांनी टोकियोत १०० मीटर १६.३९ सेकंदांत, त्या वेळच्या विश्वविक्रमासह, जिंकले आणि ८०० मीटर १ मिनिट ४८.९९ सेकंदांत; म्हणजे ८०० मीटरच्या शर्यतीतील प्रत्येक शंभर मीटर त्यांनी सरासरी सुमारे १३.६२ सेकंदांत पार केले. पहिल्या शर्यतीचा सरासरी वेग ताशी २२ किलोमीटर, दुसरीचा ताशी २६ किलोमीटरहून अधिक. खुर्ची एकदा गतीत आली की चाके ती गती सांभाळतात, हवेचा आणि ट्रॅकचा रोध तेवढा भरून काढायचा असतो. परंतु स्थिर उभ्या खुर्चीला आणि तिच्यातील शरीराला केवळ हातांच्या बळावर शून्यातून उचलणे हे सर्वांत खर्चिक काम आहे, आणि शंभर मीटरमध्ये बहुतेक वेळ त्या कामातच जातो. म्हणून व्हीलचेअरवरील शंभर मीटर ही वेग वाढवण्याची शर्यत आहे, वेग टिकवण्याची नव्हे. स्प्रिंटरची खरी परीक्षा पहिल्या काही आघातांत होते, जेव्हा पाठ पूर्ण वाकवून वजन पुढे टाकावे लागते, नाहीतर जोरामुळे पुढचे चाक जमिनीवरून उचलले जाते.

या पार्श्वभूमीवर लंडन २०१२ कडे पाहावे लागते. स्पर्धेपूर्वी मे महिन्यात, नव्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये झालेल्या चाचणी स्पर्धेत कॉक्रॉफ्ट यांनी तिथला पहिला विश्वविक्रम नोंदवला होता, त्यामुळे वीस वर्षांच्या या खेळाडूकडून अपेक्षा मोठ्या होत्या. १०० मीटर त्यांनी १८.०६ सेकंदांत जिंकले, पाठोपाठ २०० मीटरही जिंकले, आणि ब्रिटनच्या टपाल खात्याने सुवर्णविजेत्यांच्या गावी टपालपेट्या सोनेरी रंगवल्या त्यांत हॅलिफॅक्सचीही पेटी होती. त्या दोन शर्यतींत त्यांना जवळचा म्हणता येईल असा प्रतिस्पर्धी नव्हता. विजयाचे अंतर एवढे मोठे होते की काही निरीक्षकांनी त्यातून वर्गच कमकुवत असल्याचा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष घाईचा होता. एखादा वर्ग कमकुवत दिसतो तेव्हा त्यातील अव्वल खेळाडूला दोष देता येत नाही; स्पर्धा किती, प्रशिक्षण कोणत्या देशांत उपलब्ध, खुर्ची कोणाला परवडते, या प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतात.

रिओमध्ये २०० मीटर नव्हते. त्याऐवजी ४०० आणि ८०० मीटर होते, आणि चार वर्षांत प्रशिक्षणाची दिशाच बदलावी लागली. आठशे मीटरमध्ये पहिले वळण संपेपर्यंत प्रत्येक खेळाडू आपापल्या लेनमध्ये राहतो, नंतर सगळे आतल्या बाजूला येतात आणि मागे राहून पुढच्या खुर्चीच्या आडोशाने हवेचा रोध टाळण्याची संधी मिळते. मध्यम अंतराचे बहुतेक खेळाडू हा आडोसा वापरतात आणि शेवटच्या सरळ भागात बाहेर पडतात. कॉक्रॉफ्ट यांनी बहुधा त्याच्या उलट केले : स्प्रिंटरची सुरुवात घेऊन सर्वांच्या पुढे जायचे, वळणाची आतली रेघ मिळवायची आणि उरलेली शर्यत एकट्याने हवा कापत न्यायची. या पद्धतीत आडोसा दुसऱ्यांना मिळतो आणि श्रम स्वतःचे होतात. तरी ज्याची सुरुवात सर्वांत चांगली आहे त्याच्यासाठी तीच सर्वांत सुरक्षित आहे, कारण मागे राहणाऱ्याला खुर्च्यांच्या गर्दीत अडकण्याचा धोका असतो. रिओतील त्यांची ८०० मीटरची विजयी वेळ २ मिनिटे ०.६२ सेकंद होती. टोकियोत ती जवळजवळ पावणेबारा सेकंदांनी कमी झाली. ज्या अंतरासाठी खेळाडू स्वतःहून आला नव्हता त्या अंतरातील ही प्रगती शंभर मीटरमधील प्रगतीपेक्षाही मोठी आहे, असे प्रस्तुत अभ्यासाचे मत आहे.

या प्रगतीचे श्रेय एका प्रतिस्पर्ध्यालाही द्यावे लागते. कॉव्हेंट्रीच्या करे ॲडेनेगन यांचा जन्म डिसेंबर २००० मधला. लंडन पॅरालिम्पिक पाहून त्या या खेळाकडे वळल्या, आणि २०१५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांनी कॉक्रॉफ्ट यांना हरवून अनेक वर्षांची अपराजित मालिका थांबवली. रिओत ॲडेनेगन १०० मीटरमध्ये दुसऱ्या आल्या. जुलै २०१८ मध्ये लंडनच्या त्याच स्टेडियममध्ये त्यांनी १०० मीटर १६.८० सेकंदांत पार करून विश्वविक्रम आपल्या नावावर केला आणि या वर्गात सतरा सेकंदांच्या आत येणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. पुढच्याच महिन्यात बर्लिनच्या युरोपीय स्पर्धेत त्यांनी कॉक्रॉफ्ट यांना शंभर मीटरमध्ये मागे टाकले. पुढे काय घडले याचे तपशील संबंधित प्रकरणांत आहेत. इथे एवढेच नोंदवणे पुरे की, नोव्हेंबर २०१९ मध्ये दुबईच्या जागतिक स्पर्धेत कॉक्रॉफ्ट यांनी १६.७७ सेकंदांची वेळ देऊन विक्रम परत घेतला आणि दोन वर्षांनी टोकियोत तो १६.३९ वर नेला. लंडनच्या १८.०६ पासून हिशेब केला तर नऊ वर्षांत १.६७ सेकंद कमी झाले, आणि तेही अशा खेळाडूकडून जिला पहिल्या काळात वेग वाढवण्याची कोणतीही बाह्य निकड नव्हती. एकट्याने जिंकत राहणाऱ्या खेळाडूला आपण किती वेगवान होऊ शकतो हे कळत नाही. ते ॲडेनेगन यांच्यामुळे कळले, आणि अनेक वृत्तांतांत त्यांचा उल्लेख केवळ रौप्यपदक विजेती म्हणून येतो हे त्यांच्यावर अन्यायकारक आहे.

खेळाच्या या अंगाकडे वर्तमानपत्री लेखनाचे दुर्लक्ष होते, याचे कारण तेथे शर्यतीपेक्षा व्यथेची कथा अधिक विकली जाते. आजारी बालपण, आईवडिलांचे धैर्य आणि अखेरीस सोनेरी पदक एवढ्या तीन टप्प्यांत नऊ सुवर्णपदके उरकली जातात. पुशरिमचा व्यास, सुरुवातीचे आघात, वळणावरचा ठोका आणि चार वर्षांनी हिरावली जाणारी शर्यत यांना तिथे जागा नसते. परिणामी वाचकाला खेळाडूबद्दल आदर वाटतो, पण शर्यत पाहताना नेमके काय पाहावे हे कळत नाही. भारतात ही उणीव अधिकच जाणवते. भारतीय पॅरा-ॲथलेटिक्सने गेल्या काही पॅरालिम्पिकमध्ये भालाफेक, गोळाफेक आणि उंच उडी यांत उज्ज्वल यश मिळवले आहे. व्हीलचेअर शर्यतीत मात्र भारताला आजवर एकही पॅरालिम्पिक पदक नाही. फेकीला लागणाऱ्या साधनांच्या मानाने रेसिंग चेअर महाग असते, ती प्रत्येक खेळाडूच्या मापाने बांधावी लागते, वाढत्या वयाच्या मुलांना ती काही वर्षांत अपुरी पडते, आणि तिची दुरुस्ती जाणणारे कारागीर व शिकवणारे प्रशिक्षक जवळ असावे लागतात. २०२५ च्या शरद ऋतूत जागतिक पॅरा-ॲथलेटिक्स स्पर्धा नवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये झाली, त्यामुळे या खुर्च्या प्रत्यक्ष वेगात पाहण्याची संधी भारतीय प्रेक्षकांना घरच्या मैदानावर मिळाली.

प्रस्तुत ग्रंथाची मांडणी कालक्रमाने असली, तरी प्रत्येक भागाचा आरंभ त्या त्या पॅरालिम्पिकच्या कार्यक्रमातील बदलाने केला आहे, आणि विक्रमांच्या आधी त्या काळात त्या वर्गासाठी कोणती अंतरे उपलब्ध होती हे सांगितले आहे. अखेरचा भाग पॅरिस २०२४ पाशी थांबतो. तिथे बत्तीस वर्षांच्या कॉक्रॉफ्ट यांनी १०० मीटर १६.८० सेकंदांत आणि ८०० मीटर १ मिनिट ५५.४४ सेकंदांत जिंकले. दोन्ही शर्यतींत ॲडेनेगन दुसऱ्या होत्या. दोन्ही वेळा टोकियोच्या वेळांहून मंद आहेत, आणि तरीही दोन्ही शर्यती जिंकण्यास पुरेशा ठरल्या, या वस्तुस्थितीचा अर्थ खेळाडूच्या वयात शोधायचा, त्या दिवसांच्या हवामानात शोधायचा, की वर्गाच्या एकंदर खोलीत शोधायचा, याची चर्चा त्या भागात विस्ताराने केली आहे.